दादांचं नाक आणि माझी वही

वडिलांची नोकरी मुलाच्या मूर्खपणानं गेली, असं पुष्कळ घरांत घडलं असेल. पण फळ्यावर मेंदूचं चित्र काढून, भर सभेत, लोकांच्या टाळ्या घेत घेत ती घालवणारा मी एकटाच असेन. पुढं मी तीसेक वर्षं मानसशास्त्र शिकवून पोट भरलं. निवृत्तीच्या समारंभात एका विद्यार्थिनीनं विचारलं, सर, या विषयावरचं तुमचं पहिलं व्याख्यान कुठं झालं? मी अंबाजोगाईतल्या कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेचं नाव ठोकून दिलं. खरं म्हणजे ते झालं आमच्या गावच्या डेरीपुढं, लिंबाखाली, आणि त्याची आठवण आली की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. चिंच बघून सुटतं तसं नव्हे. ओकारीच्या आधी सुटतं तसं.

आमचं गाव युसूफ वडगावापासून पायी तासाभराच्या वाटेवर. गावात दुधाची सहकारी संस्था होती, तिला सगळे डेरी म्हणत, आणि त्या डेरीवर माझे वडील, म्हणजे आमचे दादा, वास घ्यायच्या कामावर होते. आता कुणाला सांगितलं तर चेष्टा वाटते, पण काम होतं खरं. सकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. ज्याची किटली त्यानं झाकण उघडायचं, दादांनी वाकून वास घ्यायचा आणि ‘हां’ म्हणायचं नाहीतर ‘मागं’ म्हणायचं. हां म्हटलेलं दूध मोठ्या कॅनमध्ये, मागं म्हटलेलं ज्याचं त्याच्या घरी. एका किटलीतलं नासकं दूध कॅनमध्ये गेलं तर अख्ख्या गावाचं दूध शीतकरण केंद्रावरून माघारी यायचं, म्हणून या दोन शब्दांना फार वजन. केंद्राच्या साहेबानं गावातल्या दहाबारा माणसांची नाकं तपासून दादांना निवडलं होतं. दादांचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढण्यात गेलेलं. म्हशीनं काल कडबा खाल्ला का उसाचं वाढं, हे ते दुधाच्या नुसत्या वासावरून सांगायचे.

अडचण एवढीच होती की आम्ही बौद्ध वस्तीतले. चेअरमन आबांनी त्यावर तोड काढली. किसननं, म्हणजे आमच्या दादांनी, वास घ्यावा, पण किटलीला, झाकणाला, मापाला हात लावू नये. म्हणून दादा दोन्ही हात पाठीमागं बांधून वाकायचे. लहानपणी मला ती साहेबाची ऐट वाटायची. मीसुद्धा शाळेत हात मागं बांधून फिरायचो आणि मास्तरांचा मार खायचो. ज्या माणसाच्या हाताची गावाला किळस, त्याच माणसाच्या नाकाला किळस आली की गावाचं दूध परत जायचं, हा विनोद समजायला मला कॉलेजात जावं लागलं. गावाला मात्र तो आधीच समजला असावा. कारण ज्याचं दूध ताजं असेल तो आमच्या दादांना किसन्या म्हणायचा, आणि ज्याला आपल्या दुधाची शंका असेल तो रांगेत लांबूनच ‘काय किसनराव, बरं हाय का?’ म्हणायचा.

अंबाजोगाईच्या कॉलेजात मी मानसशास्त्र हा विषय घेतला तो केवळ त्या वर्गात गर्दी कमी असते म्हणून. शिकवायला मोमीन सर होते. बुटके, पांढरी स्वच्छ पँट, बोलण्यात मराठी आणि दखनी यांची खिचडी. एक दिवस त्यांनी ओळखीच्या खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणला, पांढऱ्या ताटात ठेवला आणि त्यात टाचण्या टोचून एकेका टाचणीला चिठ्ठी लावली. वर वळणावळणाच्या घड्यांचा मोठा मेंदू, मागं खाली कोबीच्या गड्ड्यासारखा लहान मेंदू, त्याच्या पोटाशी देठ. उन्हाळ्याचे दिवस. भेजा सकाळचा, तास दुपारचा. माशांनी चिठ्ठ्या न वाचताच सगळे भाग व्यापून टाकले होते. आता गंमत अशी की आमच्या घरी वर्षाकाठी एखाद्या वेळी भेजा यायचा तेव्हा माय तो लाल चटणीत परतायची आणि मी तवा चाटूनपुसून ठेवायचो. पण तीच वस्तू नाव लावून समोर आल्यावर मी बाहेर धावलो आणि व्हरांड्यातल्या कुंडीत सकाळचे पोहे टाकून आलो. परत आलो तर मोमीन सर शांतपणे म्हणाले, “बसा मियाँ. जीभ तीच हाय, भेजा तोच हाय. मग ओकलं कोन? ते शोधायला आपन हितं बसलोय.”

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. सरांनी शिकवलेलं सगळं मी एका लांबट वहीत उतरवायचो. कपाळामागचा भाग विचार करतो, ठरवतो, जिभेवर आलेली शिवी आवरतो. डोक्याच्या मागच्या भागात दिसणं असतं. माणूस बघतो डोळ्यानं, पण त्याला दिसतं ते पार मागं. कानशिलापाशी ऐकणं आणि बोललेलं समजणं. लहान मेंदू तोल सांभाळतो. आणि देठ श्वास, काळीज, गिळणं असली कामं कुणी शाबासकी दिली नाही तरी करत राहतो. डोळ्याची, कानाची, कातडीची खबर आधी मेंदूच्या मधोमध, सर ज्याला टपालघर म्हणत, त्या भागात जाते आणि तिथून वाटली जाते. वास तेवढा टपालघर टाळून परभारे आत शिरतो, जिथं भीती आणि आठवणी राहतात तिथं. म्हणून वासानं माणूस विचार करायच्या आधी मागं सरतो. बकऱ्याच्या मेंदूला पुढच्या टोकाला वास घेणारी दोन बोंडं असतात. त्या दिवशीच्या भेज्यात ती नव्हतीच. सर म्हणाले, खाटीक कवटी फोडतो तेव्हा ती तुटून हाडातच राहतात. नाकाच्या वर चाळणीसारखं हाड असतं, त्याच्या भोकांतून केसाहून बारीक धागे वर जातात. माणसाचं पण तसंच. डोक्याला मागून दणका बसला की मेंदू हिसका खातो आणि पुढं हे धागे तुटतात. मार मागं, नुकसान पुढं. हे वाक्य मी लाल शाईनं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. वही अजून माझ्याकडं आहे. त्या दोन रेघा बघितल्या की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो. पावसानं पाठ फिरवल्याचं ते दुसरं वर्ष. गावात रंग म्हणून काही उरला नव्हता. जमीन, जनावरं, माणसं सगळी एका धुळीची. दिवसातून एकदा टँकर यायचा. त्याच्या घरघरीच्या आधीच घागरींचा खणखणाट सुरू व्हायचा, इतके कान तयार झालेले. टँकर आधी गावच्या विहिरीत ओतायचा आणि उरलं तर आमच्या. पाण्याला डिझेलचा आणि सडक्या पाल्याचा वास, त्यात तळाशी हिरवी साय. माय ते तीनदा गाळायची. रेशनची ज्वारी बुरसट, भाकरी थापताना चुलीवर ओल्या पोत्याचा वास सुटायचा. त्यात वस्तीच्या मागच्या ओढ्यात कुणाचीतरी म्हैस मरून पडलेली. मेलेलं ढोर ओढायचं आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हाच सोडलं होतं, आणि गावातलं दुसरं कुणी हात लावीना. तेव्हा ती म्हैस ‘बघू कोण हरतंय’ अशी तिथंच फुगत बसली होती. वारा फिरला की अख्खी वस्ती पदर नाहीतर उपरणं नाकाला लावायची.

फक्त दादा तेवढे ओट्यावर बसून निवांत बिडी ओढायचे. म्हैस नाही, वारा नाही. मायनं शिळी, तार सुटलेली आमटी चुकून वाढली तर तीही खाल्ली, वर म्हणाले, “तिखट कमी हाय.” पूर्वी हाच माणूस कोरड्यासाला जरा वास आला तर ताट सरकवायचा. माय म्हणाली, त्यांचं असंच झालंय, टँकरवरून पडल्यापासून जेवणात ध्यान नाही. मी विचारलं तेव्हा कळलं, की फाल्गुनात दादा टँकरच्या मागं चढले होते, नळीचं तोंड आपल्या विहिरीकडं वळवायला. ड्रायव्हरनं गाडी पुढं घेतली आणि ते पाठीवर पडले. डोक्याची मागची बाजू विहिरीच्या दगडावर. दोन दिवस ओकत होते, तिसऱ्या दिवशी कामावर गेले.

आता मेंदूचा अभ्यासक म्हणवणाऱ्या कुठल्याही शहाण्यानं इथं काय करायला हवं होतं? मी काय केलं ते सांगतो. मी वही काढली आणि लिहिलं: ‘दुष्काळात माणसाच्या कपाळामागचा मेंदू किळशीवर विजय मिळवतो. उदाहरण: दादा.’

तेवढ्यात गणपतरावांचं प्रकरण उपटलं. गणपतराव गावातले तालेवार, पाच म्हशी, संस्थेच्या पंच कमिटीत. एका आठवड्यात त्यांच्या दोन किटल्या दादांनी मागं पाठवल्या. रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळत असतील, कोण जाणे. पण त्यांनी गावभर उठवलं की किसन्या मुद्दाम करतो, आणि तसंही आमच्या दुधावर ह्याचं नाक कावून म्हणून वाकवायचं, माझा भाचा बसलाय घरी, तो करील हे काम. संस्थेची वार्षिक सभा आठ दिवसांवर. तिथं हा विषय घेणार, असं आबांनी दादांना सांगून टाकलं. दादांची ती नोकरी गेली असती तर परत गोठा, आणि माझं कॉलेजही तिथंच संपलं असतं. मायचा चेहरा आठ दिवस उतरलेला. मी मात्र मनातून खूश होतो, कारण माझ्याकडं उपाय होता. शास्त्रीय उपाय.

मी आबांना जाऊन भेटलो. म्हटलं, सभेत सगळ्यांसमोर दादांची परीक्षा घेऊ. पाच लोट्या, त्यांतल्या एकीत नासकं दूध. दादांचे डोळे बांधायचे, म्हणजे कोणती लोटी कुणाच्या घरची याचा संशयच नको. आबांना करमणूक हवीच होती. दोन वर्षं गावात तमाशाचा फडसुद्धा आला नव्हता. ते म्हणाले, हो, आणि आधी ते तुझं मेंदूचं बी सांग दोन शब्द. मी तरंगतच घरी आलो आणि दादांना सांगितलं. दादा चप्पल शिवत होते. त्यांनी दाभण खाली ठेवलं.

“डोळे कावून बांधायचे?” ते म्हणाले. “नाकाची परीक्षा हाय ना?”

मी त्यांना शास्त्र समजावलं. डोळे उघडे असले की नाक खोटं बोलू शकतं, वगैरे. त्यांनी एकदा मायकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाले की त्यांच्या अंगात कणकण आहे, सभेला आलं नाही तर चालेल का. मला वाटलं, साधा माणूस, लाजतोय. मी त्यांची पाठ थोपटली. बापाची पाठ थोपटणारा मुलगा दिसला की मी आजही रस्ता ओलांडून पलीकडं जातो.

शिवाय माझ्या डोक्यात आणखी एक कारस्थान होतं, ते मी कुणालाच सांगितलं नाही. मोमीन सरांनी शिकवलं होतं की किळशीचं मूळ उपजत असलं, तरी कशाची किळस करायची हे घरातली माणसं शिकवतात. तान्हं मूल स्वतःच्या शीत हात घालतं, त्याला कुणी सांगेपर्यंत. मला हे गणपतरावांवर सिद्ध करायचं होतं.

सभा भरली. दीडशे माणूस, पुढं जाजमावर गाव, मागं मातीत आमची वस्ती. शाळेचा फळा लिंबाला टेकवला होता. मी मेंदूचं चित्र काढलं; ते फुगलेल्या भोपळ्यासारखं झालं. पण उपमा मात्र मला चांगली सुचली होती. म्हटलं, मेंदू म्हणजे एक सहकारी संस्था आहे. कपाळामागं चेअरमन बसतो, तो ठरवतो. आबा खुलले. मधल्या टपालघरात सेक्रेटरी, सगळी खबर त्याच्या हातून. मागं बघणारे सभासद, कानशिलापाशी ऐकणारे. खाली देठात गडी, तो चोवीस तास राबतो, त्याला सभेला बोलवत नाहीत. इथं मागच्या मातीत कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि पुढचं जाजम चुळबुळलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकलं.

मग मी गणपतरावांना पुढं बोलावलं. म्हटलं, आधी डोळे बांधून चव कशी कळते ते बघू. त्यांचे डोळे त्यांच्याच उपरण्यानं बांधले आणि दोन पेले हातात दिले. एक त्यांच्या घरून आणलेलं पाणी, दुसरं आमच्या रांजणातलं. गणपतराव मोठ्या चवीनं दोन्ही प्यायले, ओठ पुसले आणि दुसरा पेला उंच धरून म्हणाले, “ह्ये आमच्या घरचं. ह्याची गोडीच न्यारी हाय.” तो आमचा पेला होता. खरं तर दोन्ही पाणी एकाच टँकरचं, एकाच डिझेलचं. मी आतल्या आत हसलो आणि निकाल शेवटी सांगतो म्हणून त्यांना बसवलं. माझा बेत असा, की आधी दादा जिंकतील, मग मी हे फोडीन, आणि गाव शरमेनं मान खाली घालील. वय काय होतं माझं!

दादा पुढं आले. धुतलेला सदरा, हात पाठीमागं. मीच त्यांचे डोळे बांधले. पाच लोट्या ओळीनं ठेवल्या होत्या. त्यांतली तिसरी मी दोन दिवस पत्र्याखाली उन्हात ठेवून तयार केलेली. दादा पहिल्या लोटीवर वाकले. “हां.” दुसरीवर. “हां.” मी तिसरीचं झाकण काढलं आणि तो भपकारा असा उठला की पुढच्या ओळीतल्या बाया तोंड फिरवून बसल्या. पोरांनी नाकं धरली. सेक्रेटरी उठून दोन पावलं मागं गेला. मला स्वतःला घशाशी आलं. दादा वाकले. खूप वेळ वाकलेले राहिले. मग त्यांनी बांधलेल्या डोळ्यांनी मान वर केली आणि चेहरा हळूहळू डावीकडं, मग उजवीकडं फिरवला, अंधारात काहीतरी चाचपावं तसा. माझ्या दिशेला येऊन ती मान थांबली.

“हां,” ते म्हणाले. “चालू द्या.”

मग एकजण हसला आणि मग सगळं जाजम हसलं. पुढच्या दोन लोट्यांची गरजच उरली नाही. मी उभा होतो, हातात झाकण, आणि तेव्हा मला ती लाल शाईची ओळ दिसली. डोळ्यांसमोर नव्हे, पार डोक्याच्या मागच्या बाजूला. विहिरीचा दगड. चाळणीचं हाड. आमटी. म्हैस. सगळं वहीत होतं आणि मी ते पाठ केलं होतं, फक्त समजून घेतलं नव्हतं.

खरं सांगायचं तर यातूनही निभावलं असतं. आबा माणूस हिशेबी, आणि दादांच्या कारकिर्दीत दूध कधी परत आलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हात वर करून गलका थांबवला आणि म्हणाले, “किसनला पडसं झालं आसंल. चार दिस जाऊ द्या, मंग बघू.” लोक शांत झाले. दादांनी डोळ्यांवरचं फडकं काढलं. एवढ्यावर मी खाली बसलो असतो तर. पण गणपतराव मिशीतल्या मिशीत हसत होते, ते मला दिसलं. आणि कपाळामागचा चेअरमन, ज्याच्याविषयी मी अर्धा तास बोललो होतो, तो नेमका त्या वेळी सभेला हजर नव्हता. मी ओरडलो, “आन् तुमी, गणपतराव? तुमी जे गोड म्हनून प्यालात ते आमच्या रांजणातलं पानी हुतं.”

ते पाणी पिऊन चांगली पंधरा मिनिटं झाली होती. ते पोटात सुखानं बसलं होतं. पण शब्द कानावर पडले आणि गणपतरावांचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत बदललं. नाक आक्रसलं, वरचा ओठ उचलला, गालाला घाम फुटला. ते उठले, दोन बोटं घशात घातली आणि लिंबाच्या बुंध्याशी, फळ्याच्या अगदी पायथ्याला, सगळं बाहेर काढलं. पाणी, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचे तुकडे. दोनदा. मग भाच्यानं त्यांच्या हातावर पाणी ओतलं, दुष्काळातली अख्खी कळशी. माझा सिद्धान्त सोळा आणे खरा ठरला होता. ओकली ती जीभ नव्हे. मोमीन सर असते तर त्यांनी मला पैकीच्या पैकी दिले असते, आणि मी ते घेऊन कुठं तोंड लपवलं असतं कुणास ठाऊक.

अलीकडं नव्या पुस्तकांत वाचलं, की किळशीशी मेंदूचा जो भाग विशेष जोडलेला असतो तो कानाच्या वरच्या बाजूला, दोन खंडांच्या घडीत खोल दडलेला आहे, आणि त्याला दिलेल्या नावाचा अर्थ बेट असा होतो. वस्ती म्हटलं असतं तरी चाललं असतं. सडकं दूध हुंगलं तरी तो जागा होतो आणि समोरच्याचं वाकडं तोंड नुसतं बघितलं तरी जागा होतो, असं म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. कारण हे मला दादांनी त्या दिवशी सभेनंतर घरी आल्यावरच सांगितलेलं होतं.

सभेनं दादांना काढलं, वर बाटवाबाटवीचं पाप म्हणून माझ्या नावानं शिमगा झाला. बाटवणं कायद्यात बसत नाही, असं मी म्हणून बघितलं, त्यावर एकजण म्हणाला, “कायदा कालेजात शिकव बे, हितं न्हाई.” आम्ही घरी आलो. माय चुलीत शेणी सारू लागली. मी वही उघडून दादांना ती ओळ वाचून दाखवली आणि रडू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की ते धागे परत जुळतात का. मी म्हटलं, बहुतेक नाही. ते म्हणाले, त्यांना ते चार दिवसांतच समजलं होतं. मायच्या केसांना तेलाचा वास येईना, तेव्हाच. कुणाला सांगणार? मी विचारलं, मग हे तीन महिने? दूध तर एकदाही परत आलं नाही. गणपतरावांच्या किटल्या तुम्ही बरोबर ओळखल्या.

“तोंडं बघत हुतो,” दादा म्हणाले. “ज्याचं दूध चांगलं, त्यो झाकन उघडून किटलीकडं बघतो. ज्याचं नासलं, त्यो माज्याकडं बघतो.”

आणि मी त्या माणसाचे डोळे बांधले होते. शास्त्रासाठी.

गणपतरावांचा भाचा कामाला लागला. तो सगळ्यांचा मामा-काका लागत असल्यामुळं कुणालाच ‘मागं’ म्हणेना. नवव्या दिवशी केंद्रावरून गावाचं सगळं दूध माघारी आलं, दुसऱ्या आठवड्यात आणखी दोनदा. ते कुठं ओतणार? ओढ्यात, म्हशीच्या सांगाड्याशेजारी. पांढऱ्या गुठळ्या उन्हात पिवळ्या पडल्या, त्यांवर माशांचा काळा थर बसला, आणि असा वास सुटला की लोक जेवताना दारं लावून घेऊ लागले. दोन वर्षांच्या दुष्काळात जनावरांच्या आचळातून ओढून काढलेलं दूध ते. मी सकाळसंध्याकाळ ओकत होतो. दादा दार उघडं टाकून भाकरी खायचे.

मग एका दुपारी आबा आमच्या वस्तीत आले. चेअरमन आमच्या दारात यायची ती पहिलीच वेळ. रुमालानं नाक दाबलेलं. मायनं घोंगडी टाकली. आबा बसले आणि म्हणाले, झालं गेलं सोड किसन, उद्यापासून ये. दादा म्हणाले, “नाक गेलंय आबा.” आबा म्हणाले, त्यांना समजलंय ते, नाकाचं काही नाही, तू उभा राहिलास तरी लोक चांगलं दूध आणतात. हात मागं बांधायची बी गरज न्हाई आता, असंही म्हणाले. मी दाराआडून ऐकत होतो आणि दादांनी हो म्हणावं म्हणून मनातून जोर लावत होतो. कारण हे झालं तर माझा गुन्हा धुऊन निघत होता, कॉलेज वाचत होतं, आणि दादा डेरीवर मोकळ्या हातांनी उभे राहणार होते.

तेवढ्यात मायनं पाण्याचा पेला आणून आबांच्या पुढ्यात ठेवला. तिनं मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. दारात आलेल्याला पाणी द्यायचं एवढंच. आबांनी पेला उचलला. उचलला खरा. ओठांपर्यंत नेला आणि ओठ न उघडता खाली ठेवला. ‘आत्ताच च्या पिऊन आलोय’ असं काहीतरी पुटपुटले. या सगळ्या वेळात दादा पेल्याकडं नव्हे, आबांच्या तोंडाकडं बघत होते.

“मागं,” दादा म्हणाले.

आबांना ते नीट समजलं नसावं. ते म्हणाले, काय? दादा म्हणाले, न्हाई जमायचं आबा, दुसरं कुनी बघा. अगदी हळू, पडसं झाल्यासारखं. आबा आणखी थोडा वेळ बसले, मग रुमाल नाकाला लावून निघून गेले. माय आत गेली. मी बाहेर आलो. पेला भरलेला तसाच होता, आणि त्या दिवसांत आमच्या घरात पाणी फेकणं कुणाला ठाऊकच नव्हतं. दादांनी तो उचलून माझ्या हातात दिला. पी म्हणाले.

मी प्यायलो. डिझेल, सडका पाला आणि त्यावर ओढ्याकडून आलेली ती नासक्या दुधाची झुळूक. कितीही ठरवलं तरी माझं नाक आक्रसलं. वर बघितलं तर दादा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

“म्हंजी आजून येतोय वास,” ते म्हणाले, आणि उठून मायला हाक मारली, की पाणी आणखी एकदा गाळून घे.